लास मेदुलास: रोमन सोन्याची खाण पाण्याच्या मागाने कशी पाहावी

सोन्याची जुनी खाण पाहायला निघालेला माणूस भुयार शोधतो. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या लास मेदुलासमध्ये ही सवय घात करते. पर्यटक ओरेलानच्या सज्जावर, म्हणजे खाण वरून दाखवणाऱ्या दर्शनस्थळावर, उभे राहून लाल सुळक्यांचे फोटो काढतात, खाली एक-दोन गुहांत डोकावतात आणि दोन तासांत परततात. खाण मात्र त्यांनी पाहिलेलीच नसते, कारण इथे रोमनांनी पाण्याने अख्खा डोंगर पाडला होता. सुळके म्हणजे पाडकामातून उरलेले तुकडे. ज्या यंत्रणेने डोंगर पडला तिचे अवशेष आसपासच्या डोंगररांगांवर कित्येक किलोमीटर पसरले आहेत.

म्हणून दोन दिवसांच्या भेटीत डोक्यात क्रम पाण्याचाच ठेवावा: पाट, हौद, बोगदे, कोसळलेला कडा, धुण्याचे चर आणि शेवटी राडारोडा. हा क्रम डोक्यात असला की प्रत्येक खड्ड्याला आणि ढिगाऱ्याला अर्थ येतो.

आधी थोडे भूशास्त्र आणि थोडे गणित

एल बिएर्सो हा लिओन प्रांतातला खोलगट प्रदेश. मायोसीन या अतिप्राचीन भूशास्त्रीय काळात भोवतालच्या डोंगरांतून वाहून आलेली लाल माती, वाळू आणि गोटे इथे साचले आणि त्यांचा जाड थर झाला. सोन्याचे कण या थरात विखुरलेले आहेत. वरचा भाग जाड, पण सोन्याच्या दृष्टीने गरीब. तळाकडचा भाग त्या मानाने श्रीमंत. रोमन पद्धतीचे सगळे मर्म या एका गोष्टीत आहे. तळाच्या थराला हात घालायचा तर वरचा गरीब थर हटवायला हवा, आणि तो कुदळीने हटवणे कधीच परवडले नसते.

आधुनिक अभ्यासकांच्या हिशेबाने इथे सुमारे १० कोटी घनमीटर माल हलवला गेला आणि त्यातून साधारण ५ टन सोने मिळाले. म्हणजे घनमीटरमागे ५० मिलिग्रॅम. आजच्या सराफी तोळ्याला, १० ग्रॅमला, २०० घनमीटर डोंगर धुवावा लागला. आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या हायवा डंपरच्या भाषेत वीसेक गाड्या भरून माती, आणि हाती एक तोळा.

अनेक ठिकाणी १६३५ टन हा आकडा छापलेला दिसेल. तो कुठून आला हे सोपे आहे. थोरला प्लिनी या रोमन लेखकाने अस्तुरिया, गॅलेशिया आणि लुसिटानिया या तिन्ही प्रदेशांतून मिळून वर्षाला २०,००० रोमन पौंड सोने येते, असे काहींचे म्हणणे नोंदवले आहे. रोमन पौंड सुमारे ३२७ ग्रॅमचा. कुणीतरी या आकड्याला २५० वर्षांनी गुणले आणि सगळे सोने एकट्या लास मेदुलासच्या खात्यावर टाकले. माहितीफलकावर किंवा वाटाड्याच्या तोंडी हा आकडा आला तर तो सोडून द्यावा.

प्लिनी हा मात्र कामाचा साक्षीदार आहे. इ.स. ७३च्या सुमारास तो याच हिस्पानिया तार्राकोनेन्सिस प्रांतात अधिकारी होता. त्याच्या ‘नॅचुरालिस हिस्टोरिया’च्या ३३व्या खंडातले सोन्याच्या खाणींचे वर्णन पानभराहून फार मोठे नाही. जाण्यापूर्वी ते वाचावे आणि फोनमध्ये ठेवावे. याच प्लिनीची दुसरी तक्रार आपल्या ओळखीची: भारत दरवर्षी रोमचे ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून घेतो. १०० सेस्टर्सचा एक ऑरियस, म्हणजे सोन्याचे नाणे, आणि नीरोनंतरचा ऑरियस सुमारे ७.३ ग्रॅमचा धरला, तर ही रक्कम साडेतीन टनांहून जास्त सोन्याची होते. सगळी रक्कम सोन्यात गेली नाही, चांदीची नाणीही भरपूर होती. तरी सोपारा-कल्याणच्या बंदरांना जोडलेला तो व्यापार केवढा होता आणि एवढा डोंगर धुऊन हाती किती आले, हे दोन आकडे शेजारी ठेवण्यासारखे आहेत.

घरबसल्या करायचे काम: पाट नकाशावर शोधणे

हे काम टाळले तर दुसरा दिवस वाया गेला म्हणून समजा. जंगलात पाट समोर असूनही दिसत नाही.

स्पेनच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेचे इबेरपिक्स हे संकेतस्थळ मोफत आहे. त्यावर स्थळवर्णन नकाशा, हवाई छायाचित्रे आणि लायडारवरून (विमानातून लेसरने केलेल्या मोजणीवरून) केलेला, जमिनीचे चढउतार दाखवणारा उठावाचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहता येतात. बहुतेकांना एवढे पुरते. अधिक खोलात जायचे असेल तर त्याच संस्थेच्या डाउनलोड केंद्रातून एमडीटी०२ हे २ मीटर जाळीचे उंची-प्रारूप उतरवून क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये उघडावे. लास मेदुलास यूटीएम या जागतिक नकाशा-जाळीच्या २९व्या पट्ट्यात येते, त्यामुळे प्रकल्पाची निर्देशांक-पद्धत ईटीआरएस८९, पट्टा २९ अशी ठेवावी. ३०वा पट्टा निवडला की गोंधळ सुरू.

पुढची पावले अशी:

१. उठावाची छाया दोनदा तयार करा. एकदा प्रकाशाची दिशा ३१५ अंश, एकदा ४५ अंश. प्रकाशाची उंची ३० ते ३५ अंश. एकाच दिशेवर विसंबू नका, कारण प्रकाशाला समांतर जाणारी रेषा छायेत पुसली जाते आणि नेमका पाटाचा तोच तुकडा हरवतो.

२. तीव्र उतारावर समोच्च रेषेला चिकटून जाणारी बारीक पायरी शोधा. पाटाचा तळ एक-दीड मीटरचा असतो. आज तो मातीने भरलेला असल्यामुळे चर न दिसता डोंगराच्या अंगावर आडवी पट्टी दिसते.

३. त्या पट्टीवर चार-पाच किलोमीटर अंतराचे दोन बिंदू घ्या आणि प्रारूपातली उंची वाचा. उतार एकाच दिशेला आणि किलोमीटरमागे एक आकडी मीटरमध्ये असेल तर पाट असण्याची शक्यता दाट. मध्येच चढ आला तर ती गुरांची वाट किंवा वनखात्याचा रस्ता. रस्त्याला चढ चालतो, पाण्याला चालत नाही.

४. घळ आली की पाट आत वळसा घेतो, सोंड आली की बाहेरून वळतो, आणि सोंड फार लांब असेल तर ती कापून किंवा छोट्या बोगद्याने पलीकडे जातो. रेषा अचानक संपून त्याच उंचीवर पलीकडे पुन्हा सुरू झाली तर मधला भाग घसरला आहे किंवा खडकातून गेला आहे.

५. सापडलेली रेषा फाइल म्हणून फोनमधल्या नकाशात टाका आणि तो भाग ऑफलाइन उतरवून घ्या. दऱ्यांत नेटवर्क मिळेलच असे नाही.

प्रत्यक्ष जागेवर फोनच्या जीपीएसने उंची मोजून पाटाचा उतार तपासायला जाऊ नका. फोनची उंची दहा मीटर सहज चुकते आणि पाटाचा किलोमीटरभराचा उतार त्याहून कमी असतो. उंचीचे काम घरीच, प्रारूपावर उरकावे.

या पाटांची एकूण लांबी काहीशे किलोमीटर आहे. काही पाटांनी तेलेनो डोंगराच्या पलीकडचे, डुएरो खोऱ्यातल्या एरिया नदीचे पाणी जलविभाजक ओलांडून लास मेदुलासकडच्या सिल नदीच्या खोऱ्यात आणले. आपल्याकडे एका खोऱ्यातले पाणी दुसऱ्यात वळवायचे म्हटले की किती वर्षे कागद फिरतात हे आठवले की रोमन मोजणीदारांविषयीचा आदर वाढतो. प्लिनी सांगतो की पाटाची पातळी घेणारे लोक कड्यावर दोरांना लटकून काम करत, आणि दुरून ते पक्ष्यांसारखे दिसत.

जाण्याची तयारी

मुक्काम पोनफेरादाला करावा. तिथपर्यंत रेल्वे आणि बस दोन्ही येतात. माद्रिदहून गाडीने ए-६ मार्गाने सुमारे चार तास. पोनफेरादापासून लास मेदुलास पंचवीसेक किलोमीटर; एन-५३६ने कारुसेदोपर्यंत जाऊन वळायचे. सार्वजनिक बस तुरळक असते, आणि पाट व वसाहती पाहायच्या तर भाड्याच्या गाडीला पर्याय नाही. भारतातून जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उन्हाळ्याच्या गर्दीत भेटीची वेळ मिळणे हेच खरे दिव्य असते.

ऋतू एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी लाल मातीवर ऊन भाजते आणि वणव्याचा धोकाही असतो. ऑगस्ट २०२५मध्ये या परिसरात मोठा वणवा लागून चेस्टनटची जुनी झाडे जळाली. त्यामुळे कोणत्या वाटा खुल्या आहेत, ओरेलानचा बोगदा सुरू आहे का, हे निघण्याआधी स्थानिक पर्यटन केंद्राला विचारावेच. जुन्या प्रवासवर्णनांतल्या वेळा आणि सोयी धरून चालू नये. जळालेल्या उतारावर झाडी नसल्याने पाटाची रेषा उठून दिसते हे खरे, पण तिथली माती सैल असते, दगड घरंगळतात आणि अर्धवट जळालेली खोडे वाऱ्यात पडतात. खुणा केलेली वाट तिथे सोडू नका.

सोबत खोल नक्षीच्या तळाचे बूट, माणशी दोन लिटर पाणी, डोक्याला लावायची बॅटरी आणि तिचे जादा सेल घ्यावेत. पावसानंतर लाल चिकणमाती साबणासारखी होते. साधे स्पोर्ट्स शूज तिथे कामाचे नाहीत. दुपारी दोन ते चार बहुतेक ठिकाणे जेवणासाठी बंद असतात, तेव्हा भेटींचा क्रम त्याप्रमाणे आधीच आखून ठेवावा.

पहिला दिवस: वरून खाली

सकाळी ओरेलान गावाच्या वरच्या सज्जावर जा. वाहनतळापासून थोडा चढ चालावा लागतो. बहुतेक लोक सूर्यास्ताला येतात, कारण तेव्हा सुळके पेटल्यासारखे दिसतात. फोटोसाठी तेच बरोबर. समजून घेण्यासाठी मात्र सकाळची तिरपी सावली जास्त उपयोगी पडते.

सज्जावरून आधी सुळक्यांची टोके पाहा. ती जवळपास एका पातळीत येतात. तीच मूळ डोंगराची जमीन. मनातल्या मनात टोके जोडली की गेलेला डोंगर उभा राहतो. मग सुळक्यांच्या उभ्या भिंतींत अर्ध्या कापलेल्या नळ्यांसारख्या खाचा आणि काळी भोके शोधा. ते बोगदे आणि उभ्या विहिरी. कडा कोसळताना मधोमध चिरल्या गेलेल्या.

पद्धत अशी होती. डोंगराच्या पोटात बोगदे आणि उभ्या विहिरी खणायच्या. वर डोंगरमाथ्याजवळच्या हौदांत पाटाचे पाणी साठवायचे. मग दारे उघडून पाण्याचा लोंढा त्या जाळ्यात सोडायचा. पाणी आत शिरते, माती भिजून फुगते, आधार खचतो आणि दर्शनी भाग कोसळतो. प्लिनीने यालाच डोंगराचा विनाश म्हटले. तो लिहितो की आत दिव्याच्या उजेडात पाळ्या चालत, पाळीची वेळ दिव्याच्या तेलावर मोजली जाई, आणि डोंगराला तडे जाताना ओळखणारा पहारेकरी माथ्यावर बसवलेला असे. कुठे कुठे बोगद्यात दाबलेल्या हवेचा स्फोट होऊन डोंगर उडाला असे रंगवून सांगितले जाते. भिजणे, धूप आणि पाण्याचे वजन एवढ्याने काम भागते. स्फोटाची कल्पना ऐकायला छान, एवढेच.

हौदांचा आकार समजायला प्लिनीचेच माप घ्या: बाजू २०० फूट, खोली १० फूट. रोमन फूट सुमारे २९.६ सेंटिमीटरचा, म्हणजे ५९ मीटर लांब-रुंद आणि ३ मीटर खोल. एका हौदात १ कोटी लिटरहून थोडे अधिक पाणी. बाहेर सोडायला तीन-तीन फुटांची पाच दारे. प्रत्यक्षातले हौद डोंगराच्या आकाराप्रमाणे वेगवेगळे आहेत. जमिनीवर ते सपाट तळाचे खोलगट भाग म्हणून ओळखू येतात. उताराकडच्या बाजूला मातीचा बांध आणि त्यात तुटलेली जागा असते.

सज्जाजवळच ओरेलानचा बोगदा आहे. तिकीट घेतले की हेल्मेट मिळते. ते घाला, छतातल्या गोट्यांवर डोके सहज आपटते. आत भिंती नीट पाहा. कठीण खडक नसून गोटे-मातीचा घट्ट थर आहे, त्यामुळे कुदळीच्या खुणा रुंद आणि तिरप्या दिसतात, आणि जिथे पाणी वाहिले तिथे त्या पुसून भिंत गुळगुळीत झालेली असते. शेवटी बोगदा सरळ कड्याच्या पोटात उघडतो. पुढचा डोंगर पडून गेला आहे.

मग खाली लास मेदुलास गावात या. पुरातत्त्व दालनातल्या प्रतिकृती आणि आकृत्या पाहून घ्या, आणि गावातून निघणारी लास वालिन्यासची गोल वाट धरा. ती चार किलोमीटरच्या आतबाहेर आहे. पाहत चालायला दोन तास ठेवा. या वाटेवर ला कुएवोना आणि ला एनकांतादा या मोठ्या गुहा लागतात. त्या पाण्याने पोखरलेल्या बोगद्यांची तोंडे आहेत. छतावरचा काळा थर दिसला की लगेच रोमन काजळी म्हणू नका. नंतरच्या शतकांत मेंढपाळांनीही तिथे शेकोट्या पेटवल्या असतील. वाटेतल्या चेस्टनटच्या झाडांना खासगी मालक आहेत. खाली पडलेली फळे खिशात घालणे म्हणजे कुणाच्या तरी बागेतले काजू उचलणे.

दुसरा दिवस: पाट, राडारोडा आणि माणसे

सकाळी पाट जिथून येतात त्या ला काब्रेरा या डोंगराळ भागाकडे निघा. ल्यामास दे काब्रेरा गावाजवळ पाटांच्या मार्गावर चालता येते. घरी काढलेली रेषा इथे उपयोगी येते. पाट खडकात कोरला असेल तिथे डोंगराकडची भिंत उभी आणि छिन्नीच्या खुणांची असते. मातीत असेल तिथे दरीकडे दगडी आधारभिंतीचे थर शिल्लक असतात. एकाच उतारावर दोन-तीन पाट वेगवेगळ्या उंचीवर समांतर जातात. पाडकामाची जागा सरकली की पाण्यालाही वेगळ्या उंचीवरून यावे लागे. पाट दरीच्या काठाने जातात आणि काही ठिकाणी रुंदी पाऊलभर उरली आहे. ओल्या दिवशी हा भाग गाळावा, आणि एकट्याने तर जाऊच नये.

दुपारी खाणीच्या पायथ्याशी या. कोसळलेला माल पाण्यासोबत चरांत जाई. मोठे गोटे हाताने उचलून बाजूला रचत, आणि बारीक माल उताराच्या लाकडी पन्हळींतून वाहवत. पन्हळींच्या तळाशी काटेरी झुडपे अंथरलेली असत. सोन्याची घनता १९.३, गारगोटीची २.६५, माती पुढे जाते, सोने काट्यांत अडकते. मग झुडपे वाळवून जाळत आणि राख धूत. सराफकट्ट्याच्या गटारातला गाळ धुणारे आपले झारेकरी हेच तत्त्व वापरतात. ते पाटीभर गाळावर, हे डोंगरावर.

पन्हळी कुजून गेल्या, गोट्यांचे ढीग राहिले. त्यांना स्थानिक लोक मुरियास म्हणतात. नदीने आणलेला गोट्यांचा पसारा आणि मुरिया यांत फरक करायला सोपी कसोटी आहे: मुरियात गोटे साधारण एका आकाराचे असतात, मधे माती नसते आणि ढिगाच्या कडा रचलेल्या दिसतात. नदी असे निवडून ठेवत नाही. बारीक गाळ दूरवर वाहून गेला. त्याने एका दरीचे तोंड बुजवले आणि कारुसेदोचे तळे तयार झाले. तळ्याकाठी उभे राहिलात की रोमन खाणीच्या राडारोड्याच्या बांधामागचे पाणी पाहत असता.

संध्याकाळपूर्वी एखादी वसाहत पाहा. सान हुआन दे पालुएसासजवळचे कास्त्रेलिन हे रोमनपूर्व काळातले, ओरेलानची वसाहत रोमन काळातली. इ.स.पू. १९मध्ये ऑगस्टसने हा प्रदेश पुरता जिंकला. त्यानंतर साखळदंडातले हजारो गुलाम इथे राबले, हे चित्र लोकप्रिय आहे, पण वसाहतींच्या उत्खननातून वेगळे चित्र दिसते: आसपासच्या गावांतल्या स्थानिक लोकांकडून कर म्हणून हे श्रम घेतले जात. शेती, लोहारकाम आणि खाण एकाच घरातली माणसे सांभाळत. काम इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालले.

काय करू नये

मेटल डिटेक्टर घरी ठेवा. स्पेनच्या १९८५च्या वारसा कायद्यानुसार सापडलेली पुरातन वस्तू सरकारची असते, आणि परवानगीविना डिटेक्टर फिरवणे बेकायदा आहे. ओढ्यात थाळी घेऊन सोने धुण्याची हौसही इथे नको. हे १९९७पासून जागतिक वारसास्थळ आहे. ड्रोनलाही परवानगी लागते.

खुणा नसलेल्या कुठल्याही बोगद्यात शिरू नका. गोट्या-मातीचे छत खडकासारखे इशारा देत नाही. पावसानंतर दोन-तीन दिवसांनी, वरून सगळे कोरडे दिसत असतानाही ते सुटते. आतल्या उभ्या विहिरींवर पालापाचोळा साचून जमीन असल्याचा भास होतो. शिवाय बंद टोकांत प्राणवायू कमी असू शकतो आणि तो कमी झाल्याचे शरीराला कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

हीच नजर दुसरीकडे

लास मेदुलासहून सिल नदीच्या खाली गाडीने गेलात तर गॅलिशियात मोंतेफुरादो लागते. रोमनांनी डोंगराची सोंड भोकून नदीच वळवली, म्हणजे मूळ वळणाचे पात्र कोरडे होऊन त्यातला सोनेरी गाळ काढता येईल. पोर्तुगालमधल्या त्रेसमिनास इथे मात्र कठीण खडकातल्या सोन्याच्या शिरांची खाण आहे: प्रचंड उघडे खड्डे आणि खनिज कुटायचे दगड.

ब्रिटनमधल्या मराठी मंडळींना सर्वांत जवळची म्हणजे वेल्समधली डोलाउकोथी, पुमसेंट गावाजवळ, ए४८२ रस्त्यावर. ती नॅशनल ट्रस्टकडे आहे. कोथी नदीपासून आलेला पाट सुमारे ११ किलोमीटरचा आहे आणि हौदांचे आकार गवतातही ओळखू येतात. इथे अडचण वेगळी: एकोणिसाव्या शतकातल्या आणि १९३०च्या दशकातल्या खाणकामाने रोमन कामावरच खोदले. ओळखण्याची खूण भिंतीवर असते. खडकात अर्ध्या नळीसारखी सरळ, गोल भोके दिसली तर ते सुरुंगाचे काम, म्हणजे रोमनांनंतरचे. छिन्नीच्या बारीक समांतर ओळी दिसल्या तर काम हाताचे. भिंत घुमटासारखी गुळगुळीत आणि लालसर असेल तर आग लावून खडक तडकवलेला. भूमिगत फेऱ्या कधी कधी बंद असतात, तेव्हा आधी विचारूनच निघावे.

रोमानियातली रोशिया मोंताना ही २०२१मध्ये वारसायादीत आली. तिथले समलंब चौकोनी आकाराचे बोगदे आणि दिव्यांसाठी भिंतीत कोरलेले कोनाडे हे हातकामाचे सर्वांत स्वच्छ नमुने. खाणीत सापडलेल्या मेणाच्या पाट्यांवर दुसऱ्या शतकातले करारही वाचता आले आहेत. डोलाउकोथी आणि रोशिया मोंताना दोन्ही पाहायच्या असतील तर रोमानिया आधी करावे. तिथले शुद्ध रोमन बोगदे डोळ्यांत बसले की वेल्समधल्या सरमिसळीत कोणता तुकडा कुणाचा, हे लवकर उमगते.